गोळीची उन्हाळी सुट्टी

माझ्या बाबांनी आयुष्यात कधी अंगारा लावला नाही, कुठल्या महाराजाच्या पायावर डोकं ठेवलं नाही, आणि तीन उन्हाळे माझी मिर्गीची गोळी बंद ठेवली, तीही पूर्णपणे शास्त्रीय कारण देऊन. अडाणी माणसाच्या हातून झालं असतं तर लवकर निस्तरलं असतं. शिकलेल्या माणसाची चूक मोठी चिवट. तिच्याकडे पुरावे असतात.

आम्ही सिंदेवाहीला राहायचो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, रोज सायकलनं दोन गावं ओलांडून जायचे. लोक त्यांना गुरुजी म्हणायचे आणि धान केंद्रातले साहेबसुद्धा रस्त्यात थांबून नमस्कार करायचे. दर चौदा एप्रिलला, जयंतीच्या संध्याकाळी, विहारासमोरच्या मांडवात बाबांचं भाषण ठरलेलं. विषय एकच, अंधश्रद्धा. भाषण असं जोरदार व्हायचं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हातातले काळे दोरे पदराखाली लपवायच्या. बाबा घरी आले की घसा बसलेला असायचा आणि आई गरम पाण्यात मीठ टाकून द्यायची.

मला पहिला झटका अकरावीत आला, दिवाळीनंतर, शाळेच्या प्रार्थनेत. मला आला म्हणते खरी, पण मी तिथे नव्हतेच म्हणा ना. माझ्या आयुष्यातले सगळ्यात गाजलेले प्रसंग मी स्वतः पाहिलेले नाहीत. जागी झाले की लोक मला ते हातवारे करून दाखवतात, आणि काहीजण जरा जास्तच चांगले करून दाखवतात. त्या दिवशी दुपारपर्यंत गावानं निदान केलं होतं. कोणी म्हणालं बाहेरचं लागलं, कोणी म्हणालं पोट्टी भर दुपारी चिंचेखालून गेली असंल. एकानं मूल गावाकडचा पुजारी सुचवला, एकानं जंगलातला वैदू. बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "मेंदूचा आजार हाय. मेंदूच्या डॉक्टरले दाखवतो."

आणि दाखवलंच. पुढे मी त्यांची टिंगल करणार आहे, ती करीनच, पण हे आधी सांगून टाकते. पोरीला मिर्गी आली म्हटल्यावर लोक आधी दार लावून घ्यायचे, मग पुजाऱ्याकडे जायचे. बाबांनी त्याच महिन्यात मला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवलं. त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानते.

चंद्रपूरला महिन्यातल्या एका रविवारी नागपूरहून मेंदूचा डॉक्टर यायचा. एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, आणि जिन्यावर पार रस्त्यापर्यंत माणसं. सिरोंच्याकडून आदल्या दिवशी निघालेले लोक भिंतीला टेकून झोपलेले असायचे. आमचा नंबर तीन तासांनी लागला आणि आत आम्ही दोन मिनिटं होतो. डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता म्हणाला, "सकाळी एक, संध्याकाळी एक. रोज, वेळेवर. कितीही बरं वाटलं तरी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. चालेल?"

डॉक्टरसमोर बाबांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची. ते म्हणाले, "सर, मी स्वतः शिक्षक आहे."

हे उत्तर झालं का? पण डॉक्टरला पुरलं. त्यानं घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

घरी आल्यावर बाबांनी शाळेतलं एक जुनं कोरं हजेरीपत्रक काढलं. त्यावर सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने आखले. गोळ्यांची शंभराची बाटली लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली बाबांच्या खिशात. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला मी समोर उभी राहायची, बाबा गोळी हातावर ठेवायचे, मी गिळायची, आणि ते रकान्यात हजर लिहायचे. आई म्हणायची, "पोट्टी हजर का गोळी हजर?" बाबांना विनोद कळायचा नाही. पण गोळी एकदाही चुकली नाही हे खरं, आणि चार महिने झटकाही आला नाही. मला मास्तरीण व्हायचं होतं. तेवढी एकच गोष्ट मला आयुष्यात हवी होती. फळ्यासमोर उभं राहायचं असेल तर आधी उभं राहता आलं पाहिजे, आणि ते आता जमणार असं वाटायला लागलं होतं.

मग मार्च आला. चंद्रपूरकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू! सकाळी नऊला रस्ता सामसूम. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि घराघरात एकच चर्चा, काय गरम पडते आणि काय थंड पडते. अंडं गरम, गूळ गरम, पपई गरम. ताक थंड, अंबाडीचं सरबत थंड. या यादीत आजवर कोणी इंग्रजी औषधाला थंडच्या बाजूला बसवलेलं नाही. ज्याला त्याला माहीत, गोळी गरम असते. गावातल्या सगळ्यांनी सांगितलं असतं तरी बाबांनी मानलं नसतं. गावाचं ऐकण्यातले ते नव्हतेच. त्यांनी स्वतः संशोधन केलं.

संशोधन असं, की गोळ्यांच्या बाटलीवर इंग्रजीत छापलेलं होतं: थंड, कोरड्या जागी ठेवा, उन्हापासून दूर. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग आईला बोलावलं, मला बोलावलं, आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारची चाची कुरडया वाळवत होती, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाहा. कंपनीनंच लिहून देल्लं. गोळी गरम नसती तं थंड जागी ठेवा म्हणून काऊन सांगतलं असतं? हे काही लोकाईचं बोलनं नोहे, हे छापील हाय."

चाचीच्या नवऱ्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. तिनं पिठाचा हात थांबवून मान डोलावली. गुरुजी बोलले म्हणजे झालं.

तेव्हा ठरलं. शरीरात आधीच उन्हाळा, त्यात गरम गोळी कशाला? जयंतीच्या दिवसापासून जूनमध्ये मिरग लागेपर्यंत गोळी बंद. बाबांनी हजेरीपत्रकावर चौदा एप्रिलपासून लाल शाईनं एक तिरपी रेघ ओढली आणि त्या रेघेवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, उन्हाळी सुट्टी. मग अंगावर धुतलेला सदरा घालून अंधश्रद्धेवर भाषण करायला गेले.

खोटं कशाला बोलू, मीही खूश होते. गोळीनं दिवसभर झापड यायची. सुट्टी लागली तशी मी हलकी झाले, आंबे खाल्ले, मैत्रिणींसोबत सिनेमा पाहिला. गोळी मेंदूत कशी बसलेली असते आणि ती उठून गेली की मेंदू काय करतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आंबे सोडून ऐकलं असतं का, कोण जाणे.

मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात, पंगतीत, वाढणाऱ्यानं बुंदी टाकली आणि मी पत्रावळीवर कोसळले. नेहमीप्रमाणे मी तिथे नव्हते. नंतर कळलं की एका मामानं नाकाला चप्पल लावली, दुसऱ्यानं कांदा फोडला, आत्यानं मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला आणि कोणीतरी शहाण्यानं दातात स्टीलचा चमचा घातला. माझ्या पुढच्या दाताचा कोपरा त्या चमच्याला गेला. तोंडात काही घालायचं नसतं, माणसाला फक्त कुशीवर वळवून बाजूला उभं राहायचं असतं, हे त्या मांडवातल्या तीनशे माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. बाबा मात्र शांत होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पाह्यलं? गोळी बंद असून एवढी गरमी. चालू असती तं काय झालं असतं?"

जूनमध्ये आम्ही चंद्रपूरला गेलो. डॉक्टरनं वर न पाहता विचारलं, "गोळ्या नियमित?"

"नियमित, सर. एकही खाडा नाही."

"तरी झटका आला?"

"हो, सर."

"मग वाढवू या."

आता तुम्ही म्हणाल, बाप खोटं बोलला. इथेच तर गंमत आहे. बाबा जन्मात खोटं बोलले नाहीत. बाबांच्या लेखी नियमित म्हणजे शाळेसारखं नियमित. उन्हाळी सुट्टीला कोणी खाडा म्हणतं का? आणि हजेरीपत्रक त्यांनी पिशवीत घालून आणलेलं होतं, डॉक्टरनं मागितलं तर दाखवायला, लाल रेघेसकट! डॉक्टरनं मागितलं नाही. शिवाय एवढ्या मोठ्या माणसाला आपण होऊन सांगायचं, तुमची गोळी गरम पडते, हे बाबांना उद्धटपणाचं वाटे. आमच्याकडे डॉक्टरचं मन दुखवत नाहीत. त्याच्यासमोर हो म्हणायचं, आणि घरी येऊन आपल्याला पटेल ते करायचं.

आणि मी? मी बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. डॉक्टरनं मला काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही. गुरुजींना त्यांच्या पोरीनं परक्यासमोर खोटं पाडायचं, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

दुसरा उन्हाळा तसाच गेला. बारावीची परीक्षा, जयंती, लाल रेघ, भाषण. मेच्या शेवटी मी बोअरिंगवर पाणी भरताना पडले, कपाळाला तीन टाके. जूनमध्ये चंद्रपूर. नियमित? नियमित, सर. वाढवू या. आता सकाळी दोन, संध्याकाळी दोन, आणि झोपताना आणखी एक वेगळ्या रंगाची. मिरगापासून जयंतीपर्यंत बाबा ती सगळी एकही न चुकवता माझ्या पोटात घालत होते. म्हणजे पाहा, अर्धी चूक इतक्या शिस्तीनं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी ब्रह्मपुरीला डी.एड.ला लागले आणि होस्टेलवर राहायला गेले. बाबांनी आठवड्याच्या पुड्या बांधून दिल्या, पुडीवर वार घालून. मी त्या बाथरूममध्ये जाऊन गिळायची. खोलीतल्या मुलींनी विचारलं तर सांगायची, शक्तीची गोळी आहे. शक्तीच्या गोळीनं माझी अवस्था अशी झाली की भिंत धरल्याशिवाय जिना उतरता येईना. जीभ जड, हिरड्या सुजलेल्या, डोळ्यांपुढे एकाचे दोन. वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात माझा सरावपाठ होता, भूगोलाचा. मी फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढला आणि वैनगंगा दोनदा काढली. वर्ग खो खो हसला. मी रेघ पुसायला गेले आणि खडूसकट टेबलावर पडले.

मागे बसलेल्या निरीक्षक मॅडम उठून आल्या. त्यांनी मला वर्गाबाहेर नेलं आणि म्हणाल्या, "तोंड उघड." मी उघडलं. त्यांनी वास घेतला. आमच्या भागात माणूस झोकांड्या देत असला की शंका एकाच झाडावर जाते. वास काही आला नाही. मॅडमना जरा वाईटच वाटलं असावं. तरी त्यांनी लिहून दिलं, विद्यार्थिनीचं वर्तन संशयास्पद. दोन दिवसांत होस्टेलभर झालं, सिंदेवाहीची गुरुजीची पोट्टी मोहाची घेऊन पाठाले जाते. मी उशीत तोंड घालून रडले. खरं सांगायची सोय नव्हती. दारुडी म्हटलेलं परवडलं, मिर्गीवाली नको, असं माझं तेव्हाचं शहाणपण.

मार्चमध्ये घरी आले तेव्हा बाबांनी माझी चाल पाहिली आणि कळवळले. अगदी मनापासून कळवळले. "किती गरम पडून राह्यली हे गोळी तुले!" मी म्हटलं, "बाबा, यंदा चालूच ठेवू का? डॉक्टरनं बंद करू नको म्हटलं व्हतं."

"आन् हे चक्कर? हे कशानं येऊन राह्यली मंग?"

 खरं उत्तर असं होतं की उन्हाळ्यातल्या सुट्टीनं झटके यायचे, झटक्यांनी गोळ्या वाढायच्या, वाढलेल्या गोळ्यांनी चक्कर यायची, आणि चक्कर पाहून बाबा पुन्हा सुट्टी द्यायचे. आता एका दमात सांगता येतं. तेव्हा आम्ही त्या चरकात फिरत होतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात जयंतीपासून पाच गोळ्यांवरून एकदम शून्य झालं. मेअखेरचा नऊ कडक दिवसांचा नवतपा लागायच्या आधीच, एका सकाळी, झटका आला, थांबला, शुद्ध यायच्या आत दुसरा, मग तिसरा. भाड्याच्या जीपमध्ये घालून मला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस काय चाललं होतं ते मला आठवत नाही. आई सांगते की बाबा खाटेशी उभ्याउभ्या पुठ्ठ्यानं वारा घालत होते, आणि कोणी बस म्हटलं तरी बसत नव्हते. चौथ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा ते दाढी वाढलेले, तसेच उभे होते. मला म्हणाले, "गरमीनं केलं बाई. यंदाचा उनाळा लयच वाईट."

हसू नका. मलाही हसू येत नाही.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून एक पत्र आलं. आधी संशयास्पद वर्तन, त्यात ही भानगड कानावर गेलेली. पत्रात लिहिलं होतं, आजार आटोक्यात असल्याबद्दल तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. जुलैच्या रविवारी ते पत्र, हजेरीपत्रक आणि भाकरीचं फडकं पिशवीत घालून आम्ही चंद्रपूरच्या जिन्यावर बसलो.

डॉक्टरनं पत्र वाचलं, माझे जुने कागद चाळले आणि मान हलवली. "आटोक्यात आहे असं मी कसं लिहू? इतका डोस, गोळ्या नियमित, आणि तरी एका दिवसात तीन झटके. याचा अर्थ हिचा आजार औषधाला दाद देत नाही. मला तसंच लिहावं लागेल." त्यानं कागद पुढे ओढला. बाबांनी मान खाली घातली.  पेन टेकलं.

मी म्हटलं, "सर, उन्हाळ्यात गोळी बंद असते."

पेन थांबलं. डॉक्टरनं वर पाहिलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणालीस?"

 मी बाबांच्या मांडीवरच्या पिशवीतून हजेरीपत्रक ओढून काढलं, एप्रिलचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. मग मागच्या वर्षीचं. मग त्याच्या मागचं. तीन लाल रेघा. सुवाच्य अक्षर. 

डॉक्टर बराच वेळ ती पानं पाहत होता. मला वाटलं आता ओरडेल. तो आधी स्वतःवरच चिडला असावा. कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, मी कधी मागितलंच नाही हे!" मग बाबांना विचारलं, का? बाबांनी बाटलीवरच्या छापील ओळीची गोष्ट सांगितली, अगदी हळू आवाजात, पुस्तकी भाषेत. डॉक्टर म्हणाला, "गुरुजी, तुमच्या शाळेतला खडूसुद्धा कोरड्या जागी ठेवायचा असतो. म्हणून खडू गरम असतो का?"

त्या दिवशी जिन्यावरची माणसं अर्धा तास खोळंबली. डॉक्टरनं सगळं नीट सांगितलं, आणि मला सांगितलं, बाबांना नाही. गोळी अचानक बंद केली तर असे एकामागून एक झटके येतात, त्यात जीवही जातो. कमी करायची असेल तर ती हळूहळू, आणि तो सांगेल तशीच. चक्कर, दोनदोन दिसणं हे डोस जास्त झाल्याचं लक्षण, ते लगेच कळवायचं, लपवायचं नाही. एखादी चुकली आणि वेळेत लक्षात आलं तर घ्यायची, पण पुढच्या वेळी दोन एकदम नाही. आणि बाटली खरंच उन्हात ठेवायची नाही. रक्त तपासायला पाठवलं, गोळ्या टप्प्याटप्प्यानं कमी करून दिल्या आणि प्रमाणपत्राऐवजी चिठ्ठी लिहिली: औषधात अडचण होती, ती दुरुस्त केली आहे, विद्यार्थिनीला बसू द्यावे.

परतीच्या बसमध्ये मूल गाव येईपर्यंत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग तसेच, वळून न पाहता म्हणाले, "तोंड तं तुले चांगलंच हाय. तीन वर्सं चूप काऊन राह्यली?"

"तुमची इज्जत जाईन म्हणून."

"आन् तुहा जीव गेला असता तं?" ते खिडकीवरून माझ्याकडे वळले. "तुले वाटलं, मी तुह्या जिवापेक्षा माही इज्जत मोठी समजतो?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि शब्द निघाला नाही. बाबांनी ते पाहिलं. इतकं वाईट मला त्या झटक्यांनीसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

मला दुसऱ्या वर्षाला बसू दिलं. दिवाळीपर्यंत माझे पाय ठिकाणावर आले, फळ्यावरची वैनगंगा एकच झाली. नऊ महिने झटका नाही. बाटली आता माझ्याकडे होती. एप्रिल आला आणि मी परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी असताना जयंतीचं भाषण झालं. बाबा माइकसमोर उभे राहिले, खिशातून हजेरीपत्रकाची घडी काढली आणि म्हणाले, "दरवर्षी मी तुम्हाला दुसऱ्यांच्या अंधश्रद्धा सांगतो. आज माझी सांगतो." आणि सांगितली. मिर्गी, गोळी, लाल रेघ, ब्रह्मपुरीचा दवाखाना, सगळं, लाउडस्पीकरवरून, अर्ध्या सिंदेवाहीला. लोक ओळीनं वळून माझ्याकडे पाहू लागले.

घरापर्यंत मी दम धरला. अंगणात पाय टाकला आणि सुटले. "मले इचारलं होतं का तुमी? माही मिर्गी माइकवर सांगाची का नाई म्हणून इचारलं होतं? उद्या नोकरीचा अर्ज करीन मी! गावाले ठाऊक होतं, पन तालुक्यातले सारे मास्तर बसले होते तिथी! तुमची इज्जत तुमी टाकली, माही काऊन टाकली तिच्यासंगं?"

बाबांनी गळ्यातला हार काढून खाटेवर ठेवला. "इचारलं नाई. ते चुकलं." मग म्हणाले, "पन बाई, आजारी असनं म्हंजे इज्जत जानं हाय का?"

सगळ्या गावाच्या अडाणीपणाला हसणारी मी, दोन वर्षं बाथरूममध्ये गोळ्या गिळत होते. 

तेवढ्यात भिंतीपलीकडून चाचीचा आवाज आला. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. "गुरुजी, वो आपने माइक पे बोले ना... सच्ची है क्या?"

"सच आहे, चाची."

"हमारी छोटी को भी वहीच है. दो साल हो गए. नागपुर से गोली लाते, किसी को बोले नहीं." तिनं पदर तोंडावर धरला. "आप हर साल जयंती से बंद करते, तो हम भी करते. बोतल पे लिखा है बोले थे ना आप. पिछले साल चूल्हे पे गिरी वो. हाथ जला. हमने सबको बोले, तेल उड़ा."

त्या पोरीच्या हाताची पट्टी मी पाहिली होती. तेल उडालं हे मला पटलं होतं.

"यंदा?" बाबांनी विचारलं.

"आज सुबह से बंद की ना."

बाबा खाटेवर बसले, त्या हारावरच. मी चपला घातल्या आणि म्हटलं, "चाला चाची, गोळी दाखवा मले. आत्ताच चालू करू, आन् तिच्या डॉक्टरले सुट्टीचं सारं सांगू."

"गुरुजी को भी लेके चलो," चाची म्हणाली. "मेरी नहीं सुनती वो. आपकीच बात मानती."

बाबांना उठायला जरा वेळ लागला.